समुद्रातला फड

श्रोतेहो, नमस्कार.

पांझरेच्या काठावर, साक्री तालुक्यात माझं आजोळ. आजोबा फडाचे पाटकरी होते. पहाटे खांद्यावर फावडं आणि हातात कंदील घेऊन ते चारीवर निघायचे आणि सुट्टीत गेलो की मीही त्यांच्या मागं. चारीच्या तोंडाशी चिखलाचा बांध घातलेला असायचा. आजोबा फावड्याच्या एका फटक्यात तो फोडायचे. पाणी आधी थोडं घुटमळायचं, मग वाळकी पानं पुढं ढकलत उसात शिरायचं. शेजारचा शेतकरी तोवर बांधावर येऊन उभा राहिलेला असे. आजोबा त्याला म्हणायचे, “आज त्यान्ही बारी शे, सकाय तुन्ही.” कुणी फार हुज्जत घातली, तर त्यांचं एकच वाक्य ठरलेलं असे, “पानी काय कोना बापनं शे का, भाऊ?”

आज मला बोलायचं आहे ते पांझरेपासून दहा हजार किलोमीटरवर असलेल्या बेटांबद्दल. प्रशांत महासागरातल्या छोट्या छोट्या शेजारी देशांनी एकमेकांशी कसं जमवून घेतलं, त्याबद्दल. सुरुवात आजोबांच्या चारीपासून केली, कारण तिथला प्रश्न मला पहिल्यांदा नीट कळला तो त्या चारीमुळंच.

ज्यांच्या गावात फड नाही, त्यांच्यासाठी दोन शब्द सांगतो. पांझरा, मोसम, आरम या नद्यांवर जुन्या लोकांनी ठिकठिकाणी बंधारे घातले. बंधाऱ्याचं पाणी जिथपर्यंत पोचतं त्या जमिनीचे साधारण चार तुकडे पाडले, ते फड. एका फडात ऊस असला की त्या फडातल्या सगळ्यांनी ऊसच लावायचा, दुसऱ्यात गहू असला की सगळ्यांचा गहू. पाणी देणारा पाटकरी, पिकावर नजर ठेवणारा जागल्या, त्यांच्यावर हवालदार, आणि सगळ्यांच्या वर गावचे पंच. यातली खरी मेख मात्र वेगळीच आहे. बहुतेक शेतकऱ्यांची थोडी थोडी जमीन प्रत्येक फडात असते. नदीला पाणी कमी आलं, की पंच एखादा फड कोरडा ठेवतात. त्या फडात प्रत्येकाचाच तुकडा असल्यामुळं झळ सगळ्यांना सारखी लागते. तीनशे वर्षांहून जुनी ही व्यवस्था आहे, आणि ती कुठल्याही सरकारी खात्यानं बसवून दिलेली नाही.

आता समुद्राकडं येतो. नकाशात ऑस्ट्रेलियाच्या ईशान्येला पाहिलंत, तर निळ्या रंगावर मोहरी सांडल्यासारखे ठिपके दिसतील. त्यातला एकेक ठिपका म्हणजे एकेक देश किंवा देशाचा एखादा तुकडा. नाउरू हा अख्खा देश २१ चौरस किलोमीटरचा. तुवालू २६ चौरस किलोमीटरचा, लोकवस्ती अकरा हजारांच्या आसपास, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या बाजारगावाएवढी. किरिबाती, ज्याचा उच्चार तिथले लोक ‘किरिबास’ असा करतात, तो ८११ चौरस किलोमीटरचा. पण १९८२ च्या सागरी कायद्याच्या करारानं किनाऱ्यापासून दोनशे सागरी मैलांपर्यंतच्या माशांवर त्या त्या देशाचा हक्क मान्य केला. दोनशे सागरी मैल म्हणजे ३७० किलोमीटर, जळगावहून निघालेली गाडी जवळजवळ मुंबईला पोचेल एवढं अंतर. ते प्रत्येक बेटाभोवती मोजलं, की ८११ चौरस किलोमीटरच्या किरिबातीच्या वाट्याला सुमारे ३५ लाख चौरस किलोमीटर समुद्र येतो. आपल्या सबंध भारताच्या क्षेत्रफळापेक्षा जास्त.

एवढ्या मोठ्या पाण्यात त्यांचं पीक एकच, टूना मासा. आपल्या कोकणात त्याला कुपा म्हणतात. हा मासा एका जागी राहणारा नाही. आज एका देशाच्या हद्दीत, तर महिन्याभरानं तिसऱ्याच देशाच्या. अमेरिका त्या काळी नेमकं हेच पुढं करायची, की टूना हा भटका मासा आहे, त्यावर किनाऱ्यावरच्या देशाचा हक्क कसा सांगता येईल? १९८४ मध्ये सॉलोमन बेटांनी ‘जीनेट डायाना’ नावाचं अमेरिकी मासेमारी जहाज आपल्या हद्दीत विनापरवाना मासे धरताना पकडलं आणि जप्त केलं. अमेरिकेनं सॉलोमन बेटांच्या माशांची आयातच बंद केली. केवढा देश आणि केवढासा देश! पण शेजारची बेटं सॉलोमनच्या मागं उभी राहिली. पुढच्याच वर्षी किरिबातीनं सोव्हिएत संघाशी मासेमारीचा करार केला, तेव्हा वॉशिंग्टनची झोप उडाली. अखेर १९८७ मध्ये अमेरिकेनं या सगळ्या बेटांशी मिळून एकच करार केला आणि तिच्या जहाजांनी परवान्याचे पैसे मोजायला सुरुवात केली. भटक्या माशाला मालक मिळाले, आणि तेही एक नाही, अनेक मिळून.

पण जहाजं एकट्या अमेरिकेची नव्हती. जपान, कोरिया, तैवान अशा दूरदूरच्या देशांची होती, आणि ती प्रत्येक बेटाशी स्वतंत्र सौदा करायची. एकानं दर वाढवून मागितला, की जहाज निघालं शेजारच्या हद्दीत.

रावेर, यावलच्या श्रोत्यांना हे वेगळं सांगायला नको. माझ्या मेव्हण्यांचा केळीचा बाग आहे. एका उन्हाळ्यात कापणीच्या दिवशी मी तिथं होतो. घड कापून केळीच्या पानांवर मांडलेले, बांधाला ट्रक लागलेला. सकाळी वर्तमानपत्रात छापून आलेला जाहीर भाव वेगळा आणि ट्रकपाशी उभ्या असलेल्या माणसाच्या तोंडचा भाव वेगळा. मेव्हणे म्हणाले, “जाहीर भावानं घ्या.” तो शांतपणे म्हणाला, “पलीकडचे देताहेत यापेक्षा कमीनं, ट्रक तिकडं वळवतो.” कापलेला घड काही परत झाडाला लागत नाही. मेव्हण्यांनी मान हलवली. त्या वेळचा त्यांचा चेहरा मला अजून आठवतो. पलीकडचा शेतकरी त्यांचा चुलतभाऊ होता, आणि ट्रकवाला त्याच्याकडं जाऊन हेच बोलत असणार, हे दोघांनाही ठाऊक होतं.

बेटांची ही कोंडी फुटली ती नाउरू करारानं. १९८२ मध्ये सात देशांनी तो केला, पुढं तुवालू आला आणि आठ झाले. पापुआ न्यू गिनी, सॉलोमन बेटं, मार्शल बेटं, मायक्रोनेशियाची संघराज्यं, पलाऊ, नाउरू, किरिबाती आणि तुवालू. परवान्याच्या अटी सगळ्यांनी मिळून ठरवायच्या, असं त्यांनी कागदावर लिहिलं. कागदावरचं प्रत्यक्षात यायला मात्र वीस-पंचवीस वर्षं गेली. आपल्याकडं सहकाराच्या कामात राबलेल्या माणसांना याचं नवल वाटणार नाही.

मग त्यांनी जी युक्ती काढली, तिनं मला थेट आजोबांच्या चारीवर नेऊन उभं केलं. मासा मोजणं अवघड, म्हणून त्यांनी दिवस मोजायला घेतले. सगळ्या देशांच्या समुद्रात मिळून पर्ससीन जाळ्यांच्या, म्हणजे माशांच्या थव्याला वेढा घालणाऱ्या मोठ्या जाळ्यांच्या जहाजांनी वर्षात एकूण किती दिवस मासेमारी करायची, ते आधी ठरतं. हा आकडा साधारण पंचेचाळीस हजार दिवसांच्या घरात असतो. मग कुणाच्या पाण्यात किती मासा असतो आणि आजवर किती धरला गेला, ते बघून देशादेशांत त्या दिवसांची वाटणी होते. जहाजवाल्यानं दिवस विकत घ्यायचा. आपल्याकडं पाण्याची पाळी असते तशी ही माशांची पाळी. आणि पाळीचा किमान दर सगळ्यांचा एकच. २०१२ मध्ये तो दिवसाला पाच हजार डॉलर होता, २०१५ पर्यंत आठ हजारांवर गेला. ट्रक पलीकडं वळवायला जागाच उरली नाही, कारण पलीकडंही तोच भाव. २०१० मध्ये या देशांना मिळून परवान्यांचे सुमारे सहा कोटी डॉलर मिळत होते, ते दशक सरता सरता पन्नास कोटींच्या जवळ गेले. किरिबाती आणि तुवालूसारख्या देशांच्या सरकारी तिजोरीत सगळ्यात मोठा वाटा आज याच पैशाचा असतो. शाळा, दवाखाने, एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जाणाऱ्या बोटी, सगळं त्यावर चालतं.

जागल्याही त्यांनी नेमला. प्रत्येक पर्ससीन जहाजावर बेटांनी पाठवलेला निरीक्षक बसतो आणि जाळ्यात काय आलं ते लिहून ठेवतो. जहाज कुठं आहे ते उपग्रहावरून दिसतं. वर्षातले काही महिने, मासे जमावेत म्हणून सोडलेल्या तरंगत्या सापळ्यांभोवती जाळं टाकायला बंदी असते, म्हणजे तिथं जमणारा लहान मासा वाचतो. एक अट तर मला फार आवडली. या देशांच्या हद्दींच्या मधोमध खुल्या समुद्राचे काही तुकडे उरतात, ते कुणाच्याच मालकीचे नाहीत. आमच्या हद्दीत यायचं असेल, तर त्या मधल्या तुकड्यांतही मासे धरायचे नाहीत, असं त्यांनी जहाजांना परवान्यातच बजावलं. ज्या पाण्यावर कायद्यानं आपला हक्क पोचत नाही, तेही एकीच्या जोरावर राखलं.

आता एल निनो. हा शब्द आपल्याकडं आता वेशीवरच्या ओट्यावरही ऐकू येतो. एल निनो म्हटलं की कपाशीवाल्याच्या पोटात गोळा येतो, कारण अशा बऱ्याच वर्षी आपला पाऊस कमी पडलेला आहे. तोच एल निनो तिकडं समुद्राचं कोमट पाणी पूर्वेकडं सरकवतो आणि टूना त्या पाण्यामागं किरिबातीच्या बाजूला निघून जातो. पश्चिमेकडच्या पापुआ न्यू गिनीच्या पाण्यातला मासा कमी होतो. उलटी परिस्थिती आली, ला निना आली, की मासा पुन्हा पश्चिमेला. म्हणून या देशांनी आपापले दिवस एकमेकांना विकायची सोय करून ठेवली आहे. मासा तुझ्याकडं आहे आणि दिवस माझ्याकडं शिल्लक आहेत, तर माझे दिवस तू घे, मला त्याचे पैसे दे. कोरड्या वर्षाची झळ वाटून घ्यायची पांझरेच्या पंचांची रीत आणि ही रीत, दोन्ही एकमेकांचं तोंडही न पाहिलेल्या माणसांनी शोधून काढल्या, याचं मला मोठं अप्रूप वाटतं.

फक्त प्रशांत महासागरातच असं घडलं, असं नाही. आपल्या हिंदी महासागरात मॉरिशस आणि सेशेल्स हे शेजारी आहेत. मॉरिशसमध्ये तर आपली मराठी माणसं दीडशे वर्षांहून अधिक काळ नांदत आहेत. हे दोन्ही देश मिळून जळगाव जिल्ह्याच्या पाव भागाएवढेही नाहीत. दोघांच्या मधल्या समुद्रतळावर, मास्करीन पठारावर, दोघांचाही हक्क पोचत होता. वकील लावून वीस वर्षं भांडता आलं असतं. बांधावरून कोर्टात गेलेली घरं आपल्या प्रत्येक गावात आहेत, काय होतं ते आपण पाहतो. या दोघांनी संयुक्त राष्ट्रांकडं एकत्र अर्ज केला, आणि २०१२ मध्ये करार करून सुमारे ३ लाख ९६ हजार चौरस किलोमीटरचा समुद्रतळ दोघांच्या सामाईक ताब्यात घेतला. महाराष्ट्रापेक्षा मोठा तुकडा, आणि सातबाऱ्यावर सामाईक नोंद!

पण श्रोतेहो, शेजार म्हटला की भांडण आलंच. ते लपवून मी गोड गोड सांगितलं, तर ते खरं होणार नाही.

प्रशांत महासागरातल्या देशांची मोठी पंचायत म्हणजे पॅसिफिक आयलंड्स फोरम. १९७१ मध्ये सात देशांनी ती सुरू केली, आज अठरा सदस्य आहेत, कचेरी फिजीतल्या सुवा शहरात. यात ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडही बसतात. पाटाच्या तोंडाशी मोठ्या शेतकऱ्याची जमीन असली की टेलच्या शेतकऱ्याला जे वाटतं, ते इथं छोट्या बेटांना वाटत आलं आहे. २०१९ ची बैठक तुवालूत होती. समुद्र ज्यांच्या अंगणात शिरतोय त्यांच्याच घरी बसून जाहीरनाम्यातला कोळशाबद्दलचा शब्द मऊ करावा, यासाठी ऑस्ट्रेलिया अडून राहिला. फार कडू बैठक झाली ती.

त्याहून मोठी फूट पडली २०२१ मध्ये. फोरमचं सरचिटणीसपद उत्तर, पश्चिम आणि पूर्वेकडच्या बेटांना पाळीपाळीनं द्यायचं, असा तोंडी शब्द होता. लिहिलेला नव्हता. या वेळी पाळी उत्तरेच्या बेटांची होती. त्या सगळ्या भागालाही मायक्रोनेशियाच म्हणतात. कोरोनामुळं बैठक संगणकाच्या पडद्यावर झाली, मतदान घेतलं गेलं आणि ९ विरुद्ध ८ मतांनी पद दुसऱ्यांकडं गेलं. मायक्रोनेशियाचे पाचही देश म्हणाले, आम्ही बाहेर पडतो. पद कुणाला मिळालं, यापेक्षा पाळी मोडली, हे त्यांना लागलं. चारीवर वाढलेल्या माणसाला हे पटकन कळतं. पाणी कमी मिळालं तर माणूस सोसतो, पाळी चुकवली तर नाही सोसत.

वर्षभरानं सुवा इथं समझोता झाला, पाळीचा नियम लेखी करायचं ठरलं आणि चार देश परतले. किरिबाती मात्र २०२२ च्या जुलैत खरोखरच बाहेर पडला. त्याच वर्षाच्या शेवटी फिजीत सिटिव्हेनी राबुका पंतप्रधान झाले. पुढच्याच महिन्यात, म्हणजे जानेवारी २०२३ मध्ये, ते स्वतः किरिबातीला गेले. फिजीच्या रिवाजात क्षमा मागण्याचा एक विधी आहे, बुलुबुलु. देवमाशाचा दात ही त्यांच्याकडची सगळ्यात मानाची वस्तू, ती अशा वेळी पुढं केली जाते. राबुकांनी परंपरेप्रमाणं किरिबातीची क्षमा मागितली. त्याच महिन्याच्या अखेरीस किरिबातीनं परत येत असल्याचं जाहीर केलं.

मला वाटतं, हे मुत्सद्देगिरीचं फार मोठं काम होतं. आपल्याकडं भावकीत बोलणं बंद झालं, की मोठा माणूस स्वतः उठून दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसतो, तेच हे. पडद्यावर जे तुटलं ते ओट्यावर जुळलं.

एक गोष्ट तरुण श्रोत्यांसाठी मुद्दाम सांगतो. या भागातल्या बारा देशांनी मिळून एक विद्यापीठ चालवलं आहे, १९६८ पासून. एका बेटाला विद्यापीठ कुठलं परवडणार? त्याच्या वानुआतूतल्या शाखेत २०१९ मध्ये कायदा शिकणाऱ्या २७ विद्यार्थ्यांनी वर्गातच ठरवलं, की हवामान बिघडवणाऱ्या देशांची जबाबदारी काय, हे आंतरराष्ट्रीय न्यायालयाला विचारायचं. वानुआतूच्या सरकारनं तो प्रश्न उचलला, शेजारी देशांनी पाठ दिली, आणि मार्च २०२३ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनं तो एकमतानं न्यायालयाकडं पाठवला. २३ जुलै २०२५ रोजी हेगच्या न्यायालयानं सांगितलं, की हवामानाचं रक्षण करणं हे देशांवरचं कायदेशीर बंधन आहे. एका बेटावरच्या वर्गातून निघालेला प्रश्न सहा वर्षांत तिथवर गेला.

आपला देशही या बेटांशी बोलतो. २०१४ मध्ये सुवा इथं भारतानं चौदा बेटदेशांबरोबर एक मंच सुरू केला, नंतरची बैठक जयपूरला झाली. चीन, अमेरिका, सगळेच हल्ली तिथं जातात, सगळ्यांना तिथं बंदर हवं असतं नाहीतर मत हवं असतं. त्यात मी आज शिरत नाही.

शेवटी तुवालूकडं येतो. या देशाची जमीन समुद्रापासून सरासरी दोन-तीन मीटरच उंच आहे. २०२३ च्या नोव्हेंबरात त्यानं ऑस्ट्रेलियाशी एक करार केला, त्याचं नाव फालेपिली. तुवालूच्या भाषेत त्याचा अर्थ चांगला शेजार, घराला घर लागून असलेल्यांनी एकमेकांना जपणं. दरवर्षी तुवालूच्या २८० माणसांना ऑस्ट्रेलियात कायमचं राहता येईल, दवाखाना आणि शाळा पहिल्या दिवसापासून. जमीन पाण्याखाली गेली तरी तुवालू देश म्हणून मानला जाईल, हेही लिहिलं आहे. बदल्यात, संरक्षणाच्या बाबतीत दुसऱ्या कुणाशी करार करायचा तर ऑस्ट्रेलियाची संमती लागेल. २०२५ मध्ये पहिली सोडत निघाली, तेव्हा देशातल्या बहुसंख्य लोकांची नावं अर्जांत होती.

हे मी मागच्या हिवाळ्यात तळोद्याजवळच्या एका वसाहतीत सांगत होतो. सरदार सरोवराच्या पाण्यानं नंदुरबार जिल्ह्यातली जी ३३ गावं बाधित झाली, त्यातल्या काही गावांची माणसं तिथं राहतात. खाटेवर एक म्हातारी आजी बसल्या होत्या, नर्मदेच्या काठावरून आलेल्या. समुद्र काय ते त्यांनी पाहिलेलं नाही, पण ‘बुडीत’ हा शब्द त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती. त्यांच्या नातीनं मी बोललो ते पावरी बोलीत त्यांना सांगितलं. फालेपिलीचा अर्थ ऐकून त्या थोडा वेळ गप्प राहिल्या. मग समोरच्या रांगेकडं हात केला. सारखे प्लॉट, सारखे पत्रे, भिंतीला भिंत.

त्या जे म्हणाल्या ते नातीनं मला मराठीत सांगितलं. “आजी म्हणते, वर डोंगरात आमची घरं लांब लांब होती. प्रत्येकाचं घर त्याच्या शेतात. या टेकडीवरून हाक मारली, की त्या टेकडीवरून माणूस यायचा. इथं आलो तेव्हा घरं जवळ होती, पण बाजूच्या गावातल्या हापशावर पाच वर्षं आम्हाला शेवटी पाणी भरू द्यायचे. त्या लोकांना विचार, तिकडं पाण्याला त्यांचा नंबर कधी लागतो?”

नमस्कार.